पाल्याचे वय : अठ्ठावन्न

खिडकीतल्या कारकुनाने माझा फॉर्म वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"नववा रकाना रिकामा आहे," तो म्हणाला.

नववा रकाना होता 'पालकाची सही'.

मी म्हटलं, "साहेब, माझं वय अठ्ठावन्न आहे."

"ते चौथ्या रकान्यात आलंय. मी नवव्याबद्दल बोलतोय."

"वडील वारले माझे. आईपण."

त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. क्षणभर पेन खाली ठेवलं त्यानं. मग म्हणाला, "मग दुसरं कोणीतरी बघा. रिकामा रकाना कॉम्प्युटर घेत नाही."

आता माणसाशी भांडता येतं. मशीनशी भांडण्यात अर्थ नसतो, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. त्याला जे हवं ते दिल्याशिवाय ते पुढं सरकत नाही. मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि कॉलेजच्या फाटकावरची पाटी पुन्हा एकदा वाचली. 'सामान्य मानसशास्त्र : प्राथमिक ओळख. वयाची अट नाही. शिक्षणाची अट नाही.' खरंच नव्हती अट. फक्त फॉर्म अठरा वर्षांच्या पोरांचा होता, आणि नवा छापायचा कंटाळा कोणीतरी केला होता.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. आठवीत शाळा सुटली. कोणी कोणाला सोडलं यावर शाळेचं आणि माझं आजही एकमत नाही. पुढचं सगळं एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे शिकलो. त्यांचा पहिला धडा असा होता: "मशीन उघडायच्या आधी मालकिणीला चालवायला सांग. तू स्टुलावर बस, हात मांडीवर ठेव, तोंड बंद ठेव, आणि बघ. दहातल्या सहा वेळा बिघाड मशीनमध्ये नसतो, चालवणाऱ्या हातात असतो." आणि खरंच. बायका कापड ओढतात हो. मशीन आपल्या चालीनं कापड पुढं नेत असतं, पण घाई असते ना! ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते, टक टक आवाज येतो, आणि मग म्हणतात मशीन खराब आहे.

तर हा एवढा शहाणा माणूस या वयात कॉलेजात कशाला गेला? सगळ्यांनी विचारलं. सगळ्यांना सांगितलं, ज्ञानाची आवड. खरं कारण घरात दोघांनाच माहीत होतं, आणि ते आम्ही दोघं एकमेकांशीही बोलत नव्हतो.

माझी मुलगी सात महिने झाले माझ्याशी बोलत नव्हती.

तिनं कपडे शिवायचं स्वतःचं दुकान काढलं. मी तिच्यासाठी चार महिने खपून एक जुनं काळं लोखंडी मशीन नवंकोरं करून ठेवलं होतं. करंगळीनं चाक ढकललं तरी फिरत राहील असं. तिला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? दुकान उघडलं त्या दिवशी जाऊन बघतो, तर टेबलावर एक पांढरं, बटणांचं, दिवे लागणारं मशीन. मी चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालो, "हे खेळणं कोणी आणलं?" तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण खिशात स्क्रूड्रायव्हर होता. माझ्या खिशात तो असतोच, इतरांच्या खिशात रुमाल असतो तसा. आतली प्लॅस्टिकची चाकं सगळ्यांना दाखवावीत म्हणून मी ते उघडलं. उघडलं ते पुन्हा लागेना. शेवटी लागलं, तेव्हा दोन स्क्रू हातात उरले. तोवर गिऱ्हाइकं गेली होती.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दुनियेच्या मशीनचं ऐकता. माझं कधी ऐकलंत?"

मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही."

हे मी का म्हणालो, ते मला अजून सापडलेलं नाही. पोरगी जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. ते दोन स्क्रू मी आजही डबीत जपून ठेवलेत. कसले जपून, परत द्यायची हिंमत झाली नाही.

ती आईला रोज चार वाजता फोन करायची. आई फोन घेऊन आत जायची आणि दार लोटून घ्यायची. मी बाहेर बसून असायचो, कोणाचं तरी मशीन पुसत. मग ती पाटी वाचली आणि डोक्यात आलं, की मनाचंही काही यंत्र असणारच. कसं उघडतात ते चार महिन्यांत शिकून घेऊ. तिचं उघडू, बघू कुठं अडकलंय, दुरुस्त करू. बस्स.

तुम्ही हसाल. हसा. मलाही आता हसू येतं.

नवव्या रकान्याची बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला एक दुपार पुरली. खालच्या मजल्यावरचे रिटायर पोस्टमास्तर लगेच वर आले. "मी होतो की तुझा पालक," म्हणाले. "पण मग माझं ऐकावं लागेल. पहाटे उठायचं. अक्षर सुधारायचं. आणि संध्याकाळी पत्ते बंद." हा माणूस माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि पत्त्यांत रोज माझ्याकडून मार खातो. त्याचा पाल्य होण्यापेक्षा मी आयुष्यभर अडाणी राहिलो असतो.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "त्या कॉलेजात आधी आमच्या ह्यांना न्या. दाखवायला. तीन-तीन दिवस तोंडातून शब्द निघत नाही."

बायको एवढा वेळ भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "द्या तो फॉर्म इकडे. बघते मी."

तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. घरातले सगळे फॉर्म तीच भरते. दोन दिवसांनी फॉर्म परत आला तो पाकिटात, पाकीट चिकटवलेलं. "उघडू नका," म्हणाली. "तुमचा काळा हात लागला की कागदाचं वंगणपुसणं होतं." हे खरंच असल्यामुळं मी उघडलं नाही. कारकुनानं नववा रकाना भरलाय एवढं बघितलं, काय भरलंय ते बघितलं नाही, आणि शिक्का मारला. दोघांपैकी एकानं जरी डोळे उघडे ठेवले असते, तरी ही गोष्ट इथंच संपली असती.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात शिरलो. मॅडम आधीच आलेल्या. माझ्या मुलीहूनही दोनेक वर्षांनी लहान असतील. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलात. कालपासून बंद आहे तो." आणि छताला टांगलेल्या प्रोजेक्टरकडे बोट केलं.

बाकावर चढलो. एक वायर सैल होती. दाबली. दिवा लागला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरून हात झटकले आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.

मॅडम म्हणाल्या, "काका, झालं ना काम?"

म्हटलं, "हो. आता तुमचं सुरू करा."

त्या दिवसापासून कॉलेजात माझी नेमकी जात ठरेना. पोरं मला 'सर' म्हणायची, शिपाई 'मिस्त्री' म्हणायचा आणि हजेरीपटात मी एकसष्ट नंबर होतो. नंबर पुकारला की सगळे "येस मॅडम" म्हणायचे, तसं मला जमलं नाही. मी "आहे" म्हणायचो. शेवटपर्यंत त्यावर हशा व्हायचा. होऊ दे. होतो म्हणूनच म्हणत होतो.

पहिल्याच तासाला माझा बेत मोडला. मॅडम म्हणाल्या, "मन उघडून बघता येत नाही. आपल्याला दिसतं ते माणसाचं वागणं. तेवढ्यावरून अंदाज करायचा, आणि तोही चुकू शकतो हे लक्षात ठेवायचं." मला वाटलं, ही तर फसवणूक झाली. झाकण न काढता दुरुस्ती! उठून जावं असं मनात आलं, पण प्रोजेक्टर मीच चालू केला होता. आपण चालू केलेल्या मशीनसमोरून असं उठून जाता येत नाही.

पुढं एक कुत्र्याचा प्रयोग शिकवला. कुठल्याशा शास्त्रज्ञानं जेवण देताना घंटा वाजवून वाजवून कुत्र्याला अशी सवय लावली, की नुसत्या घंटेनंही त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मला हे फार आवडलं. घरी बायकोवर करून बघायचं ठरवलं. ती चहा आणायला उठली की मी चमच्यानं कपावर तीनदा टिंग टिंग टिंग करायचो. हिशोब असा, की पंधरा दिवसांनी नुसतं टिंग टिंग केलं की चहा यावा. पंधराव्या दिवशी वाजवलं. ती पेपर वाचत राहिली. पुन्हा वाजवलं. पान उलटलं तिनं. पण त्याच आठवड्यात वरच्या वहिनींकडं कोणीतरी भांड्यावर चमचा आपटला, आणि मला एकदम अशी चहाची तल्लफ आली, की मी कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा!

बायकोला मी प्रयोग समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यात कुत्रा कोण?"

शास्त्राची गंमत ही, की ते माणसाचा मान ठेवत नाही.

इकडे बिल्डिंगमध्ये माझी पत वाढली की उतरली, ते कळेना. पत्त्यांच्या डावातून मला काढून टाकलं. पोस्टमास्तर म्हणाले, "नको बाबा. तुला आमच्या मनातलं दिसतं." मी शपथेवर सांगितलं की अजून दुसऱ्या धड्यावरच आहे, पण छे! न्हाव्यानं माझी दाढी करताना गप्पा मारणं सोडलं. आणि वहिनी नवऱ्याला खरंच घेऊन आल्या. समोर बसवला आणि म्हणाल्या, "हं, बघा." मला काय कळत होतं? मी मिस्त्रींची रीत धरली. हात मांडीवर, तोंड बंद. वहिनी अर्धा तास बोलल्या. मग पाणी प्यायला थांबल्या. तेवढ्यात ते गृहस्थ हळूच म्हणाले, "माझा नंबरच येत नाही हो." आणि वहिनींचा पेला तोंडाशी तसाच राहिला.

मॅडमना हे सांगितलं, तर त्या रागावल्या. "कोणालाही उपाय सांगायचे नाहीत. तुम्ही पहिल्या सत्राला आहात." म्हटलं, मी एक अक्षर बोललो नाही. मग म्हणाल्या, "तेवढं चालेल."

एव्हाना कॉलेजच्या शिवणवर्गाला माझा पत्ता लागला होता. तिथं चौदा मशीन, त्यातली नऊ बंद. माझा तास रंगात आला की शिपाई दाराशी येऊन बोट वाकवायचा. "मिस्त्री, पाच मिनिटं." मिस्त्री म्हणून हाक मारली की मी उठतो. ती माझी घंटा. पाच मिनिटांचा तास व्हायचा. वर्गात तिकडं एकसष्ट नंबर पुकारला जायचा, आणि "आहे" म्हणायला मी नसायचो.

मग आला प्रकल्प. रोज दहा मिनिटं एका माणसाचं निरीक्षण करायचं आणि वहीत लिहायचं. अट एकच: जे दिसतं, ऐकू येतं, तेच लिहायचं. का, कशासाठी, बरोबर की चूक, एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, हे तर मी चाळीस वर्षं करतोय! चार ते सव्वाचार मी मोकळा असायचो आणि बायको समोर असायची, म्हणून तिलाच धरलं. पहिल्या दिवशी लिहिलं, 'मुलीचा फोन आला. बायको माझ्यावर चिडून आत गेली.'

मॅडमनी 'चिडून' या शब्दाभोवती लाल गोल केला.

"हे तुम्हाला दिसलं?"

"दिसलं की."

"काय दिसलं नेमकं?"

मी बराच विचार केला. "दार लोटलं तिनं."

"मग तेवढंच लिहा, काका."

त्या एका लाल गोलानं मला आठवडाभर झोपू दिलं नाही. लिहायला बसलो की आधी 'मुद्दाम' यायचं. खोडायचो. 'मला टाळून' यायचं. खोडायचो. सगळं खोडून झालं की खाली काय उरायचं? एक बाई, एक फोन, एक दार. एवढंच होतं तिथं. बाकीचं सगळं मी दहा महिने घरच्या घरी तयार करत होतो.

परीक्षेला तीन आठवडे उरले, तेव्हा मॅडमनी तासानंतर थांबवून घेतलं. "तुमची हजेरी फार कमी भरते. ऑफिस परीक्षेला बसू देणार नाही म्हणतंय. तुमच्या पालकांना बोलावलंय."

मी म्हटलं, "मॅडम, माझ्या पालकांना जाऊन बावीस वर्षं झाली."

"अहो, ऑफिसनं फोन केला होता. शुक्रवारी अकराला येते म्हणाल्या."

मी मानसशास्त्राचा विद्यार्थी. भुताखेतांवर विश्वास नाही. तरी शुक्रवारपर्यंत जेवण नीट गेलं नाही. आई येणार असती तर एक वेळ ठीक होतं. पण आईनं माझी हजेरी विचारली असती, तर मी काय सांगणार होतो?

शुक्रवारी अकराला ऑफिसच्या बाकावर माझी मुलगी बसली होती.

मांडीवर पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारी कापड मोजायची टेप. मला बघितलं आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं. ते आम्ही दोघांनी नीट वाचलं.

आत बोलावलं. कारकुनानं फाईल उघडली. "पालक आपणच? पाल्याशी नातं..." तो अडखळला. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "नातं, मुलगी."

"हो," ती म्हणाली.

"ही सही आपलीच?"

"माझीच."

मी मान लांब करून बघितलं. बाकी फॉर्म बायकोच्या मोत्यांचा, आणि नवव्या रकान्यात माझ्या मुलीची तिरकी सही. खाली तारीख. चार महिन्यांपूर्वीची. म्हणजे मी पाटी वाचून घरी आलो त्याच आठवड्यात हिला कळलं होतं. आईनं फॉर्म नेला, हिनं वाचला, सही केली, आणि ना ही बोलली ना ती. आणि मी घरात बसून कपावर चमचा वाजवत होतो!

कारकून खाकरला. "आपला पाल्य वर्गात वारंवार गैरहजर असतो. एकूण अडतीस तासांपैकी एकवीस..."

मला ते दिवस आठवले. तिच्या शाळेत पालकसभेला मी एकदाच गेलो होतो. बाईंनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' मी पुढं विचारलं नाही, की कुठं देत नाही, कधी देत नाही. घरी आलो आणि वर्षभर तिला ते वाक्य ऐकवलं. पाहुण्यांसमोरसुद्धा. आता ती त्या खुर्चीत आणि मी या खुर्चीत. म्हटलं, घे. तुझी पाळी आहे. बोल.

ती म्हणाली, "गैरहजर असताना कुठं असतात?"

"शिवणवर्गात," मॅडम म्हणाल्या. "आमचा शिपाईच नेतो त्यांना. मी ऑफिसला सांगितलं होतं."

"किती मशीन केली?"

"चौदाच्या चौदा चालू आहेत."

ती कारकुनाकडं वळली. "मग गैरहजर माणसानं ती केली कशी?"

कारकून म्हणाला, "बाई, हजेरीपटात मशीनचा रकाना नाही."

हा माणूस वाईट नव्हता. रकान्यांतच त्याचं आयुष्य गेलं होतं, त्याला तो तरी काय करणार? त्यानंच तोड काढली. पालकानं लेखी हमी द्यायची, आणि पाल्याच्या प्रकल्पाच्या वहीवर सही करायची, म्हणजे घरी अभ्यास होतोय याचा पुरावा. मॅडमनी वही तिच्या पुढं सरकवली.

वही माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

तिनं ती नुसती सही करून परत द्यायला हवी होती. पण पोरगी माझी. सही करायच्या आधी उघडलं आणि वाचायला लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते, आणि मला पान न बघताही कळत होतं ती कुठं आहे.

'सोमवार. चार वाजता फोन वाजला. बायको आत गेली. दार लोटलं. दार पूर्ण लागत नाही. दोन बोटं फट राहते.

मंगळवार. फोन वाजला. आतून हसण्याचा आवाज आला. एकीचाच. दुसरीचा फोनमध्ये असतो, तो बाहेर येत नाही.

गुरुवार. चार वाजता फोन वाजला नाही. बायको घड्याळाकडं बघते. मी घड्याळाकडं बघतो. सव्वाचारला वाजला. मी खुर्ची भिंतीजवळ सरकवली.

शनिवार. बायको बाहेर आली. चहा ठेवू का विचारलं. मी हो म्हटलं. तिनं काही सांगितलं नाही. मी काही विचारलं नाही.'

त्याच्याखाली मॅडमनी लाल पेनानं लिहिलं होतं, 'निरीक्षण बायकोचं करायचं होतं. मधेच निरीक्षक स्वतःच आत आला आहे.' आणि दोन गुण कापले होते.

ती बराच वेळ त्या पानावर थांबली. पंख्याचा आवाज येत होता. त्याच्या बेअरिंगला तेल हवं होतं, पण मी गप्प बसलो.

मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते दार पूर्ण लावायचं नाही, असं मीच सांगितलंय आईला."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. कारकुनानं उगाच स्टेपलर उघडला आणि बंद केला.

तिनं पेन मागितलं. वहीवर सही केली आणि हमीपत्र लिहून दिलं: 'माझा पाल्य यापुढे वर्गात नियमित बसेल.' मग शिपायाला बोलावून सांगितलं, "यांना तासातून उठवायचं नाही. मशीन बिघडलं तर तास संपेपर्यंत थांबायचं." शिपाई "हो बाई" म्हणाला. एवढी जरब माझ्यात कधी नव्हती.

फाटकापर्यंत आम्ही बरोबर चाललो. बरोबर म्हणजे ती चार पावलं पुढं. फाटकाशी थांबली.

"रविवारी दुकान बंद असतं," म्हणाली. "मशीन टकटक करतंय आठवडाभर. या. स्क्रूड्रायव्हर घरी ठेवून या."

"बरं."

"बाबा, घरी म्हणजे घरी. दुसऱ्या खिशात नाही."

रविवारी मी मोकळ्या खिशांनी गेलो. चालताना एक बाजू हलकी लागत होती, तोल जातोय की काय असं वाटत होतं. फक्त डबी नेली होती. ती टेबलावर ठेवली. तिनं झाकण उघडून दोन स्क्रू बघितले, झाकण लावलं आणि खणात टाकली.

कोपऱ्यात माझं काळं मशीन उभं होतं. हे तिथं कधी आलं? बायकोनं ते 'गंजतंय, पोस्टमास्तरांच्या गाळ्यात ठेवलंय' म्हणून सांगितलं होतं. त्या बाईचं निरीक्षण मी तीन आठवडे केलं, आणि अख्खं लोखंडी मशीन दुकानात पोचलं ते मला दिसलं नाही. मॅडमनी खरं तर चार गुण कापायला हवे होते. काळ्या मशीनवर जाड कापड अडकवलेलं होतं, अर्धं शिवलेलं.

"बसा," ती म्हणाली. पांढऱ्या मशीनशेजारी स्टूल होतं. बसलो. हात मांडीवर ठेवले. तिनं कापड घेतलं, दिवे लागले, मशीन सुरू झालं.

टक. टक. टक.

पहिल्याच मिनिटाला मला कळलं. ती कापड ओढत होती. सुई वाकून पत्र्यावर आपटत होती. जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या, दातांपर्यंत आलं होतं. हाताची बोटं मांडीवरच वळवळत होती. दहा मिनिटं. माझ्या आयुष्यातली एवढी लांब दहा मिनिटं दुसरी नसतील. ती शिवता शिवता बोलायला लागली. दुकानाचे पहिले दोन महिने कसे गेले. एका गिऱ्हाइकानं कोट तीनदा परत कसा आणला. त्या दिवशी मी गेल्यावर तिनं शटर ओढून घेतलं होतं आणि आत किती वेळ बसून होती. मी मधे बोललो नाही. तिचा नंबर अकरा महिन्यांनी आला होता. नाही, खोटं कशाला बोलू, त्याच्याही बऱ्याच आधीपासून आला नव्हता.

मग ती थांबली. सुईकडं बघितलं, कापडाकडं बघितलं.

"मी ओढतेय ना?"

"थोडं," मी म्हटलं.

"मग सांगितलं का नाही?"

ओढणाऱ्यानं ओढणाऱ्याला काय सांगायचं? मी म्हटलं, "शिवत राहा. बघतोय मी."

परीक्षेत मला शंभरात सत्तेचाळीस मिळाले. 'मन म्हणजे काय' या प्रश्नाला मी चार ओळी लिहिल्या आणि खाली लिहिलं, 'याहून जास्त मला दिसलं नाही.' मॅडमनी त्याला निम्मे गुण दिले. प्रमाणपत्र घ्यायला गेलो, तर कारकून म्हणाला की नियमाप्रमाणे पाल्याचं प्रमाणपत्र पालकाकडंच दिलं जातं, आणि ते दिलंही गेलंय.

आता ते तिच्या दुकानात आहे, काचेच्या चौकटीत, दोऱ्याच्या रिळांच्या वर. मी रविवारी जातो. हल्ली इतर दिवशीही जातो. स्क्रूड्रायव्हर तिच्या खणात असतो, मागितला तर मिळतो. परवा एक बाई मापं द्यायला आल्या होत्या. हात वर करून उभ्या असताना त्यांनी भिंतीवरचं वाचलं. नाव वाचलं, विषय वाचला, आणि विचारलं, "हे कोण हो तुमचे?"

मी स्टुलावर बसलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दातांत टाचण्या धरून टेप लावता लावता म्हणाली, "आमचा पाल्य. हुशार आहे, पण लक्ष देत नाही."

माझे हात मांडीवर होते.